धम्मपाल मनाने पडत नव्हता

धम्मपाल खांबे लग्न लावायला उभा राहिला की मंडपवाला माइक बंद करून टाकायचा. गरजच नसे. वाडीतल्या विहारात म्हटलेली वंदना हायवेवरच्या चहाच्या टपरीत ऐकू यायची. पोटापाण्यासाठी तो पोलादपूरला आमच्या हायस्कुलात लिपिक होता. मी तिथेच विज्ञान शिकवायचे. पण लोक त्याला ओळखत ते बौद्धाचार्य म्हणून. आसपासच्या बौद्धवाड्यांतली लग्नं, नामकरणं, गृहप्रवेश, आणि माणूस गेल्यावरचा जलदानविधी, सगळं तोच करी. शाळा सुटली की पांढरा सदरा-पायजमा पिशवीत कोंबायचा, मोटारसायकलला किक मारायची आणि निघायचं, असा त्याचा वर्षानुवर्षांचा क्रम.

माणूस सरळ, कामाला चोख, आणि थोडा आढ्यताखोर. विधी संपल्यावर भाषण केल्याशिवाय त्याला घास गिळवत नसे. विषय ठरलेला: भगत, उतारे, अंगात येणं. “अंगात येतं म्हणजे काय? ढोंग! टाचणी टोचा, देव पळून जातो की नाही बघा!” हे नुसतं बोलणं नव्हतं. तरुणपणी एका कार्यक्रमात त्याने वाडीतल्या चंद्राबाईला खरोखर टाचणी टोचली होती. चंद्राबाई तेव्हा घुमायची. तिने हात मागे घेतला, लोक हसले, आणि धम्मपालचा मुद्दा सिद्ध झाला. मीही तेव्हा पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवणाऱ्यांत होते, बाकी सगळ्यांसारखी.

तर अशा माणसाला पन्नाशी ओलांडता ओलांडता झटके यायला लागले. तेही भर माणसांत, विधी करताना.

पहिला आला एका जलदानाच्या वेळी. पंचशील चालू होतं. त्याचा उजवा हात थरथरायला लागला. मग मान डावीकडे-उजवीकडे जाऊ लागली, कुणाला तरी सारखं नाही नाही म्हटल्यासारखी. मग तो कोसळला. हातपाय वेगवेगळे झाडत होता, डोळे घट्ट मिटलेले. थांबतंय म्हणेपर्यंत पुन्हा सुरू. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी चप्पल आणली, आणि एका अतिशहाण्याने दातखीळ उघडायला तोंडात पळी घातली. समोरचा अर्धा दात पडला. हे लिहिण्याचं कारण, हे अजूनही सगळीकडे करतात. पडलेल्या माणसाला कुशीवर वळवावं, डोक्याखाली काहीतरी मऊ द्यावं, आजूबाजूचं लागण्यासारखं सामान हलवावं आणि तोंडात काहीही घालू नये. एवढं पुरतं. पळी भाजीसाठी असते.

शुद्धीवर आल्यावर तो ढसाढसा रडला. त्याला रडताना त्याच्या बायकोनेही, गीताने, तोवर पाहिलं नव्हतं. आणि अर्ध्या दातामुळे ‘सरणं’ म्हणताना शीळ वाजू लागली ती वेगळीच.

महाडच्या एका डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला. तो स्वच्छ निघाला. तरी फिटच्या गोळ्या सुरू झाल्या. धम्मपालने आजार लगेच आपला केला, जवळजवळ अभिमानाने. शाळेच्या कार्यालयात मला समजावून सांगायचा, “बाई, मेंदू म्हणजे सगळी वीज. कुठेतरी शॉर्टसर्किट होतं. शास्त्रीय आहे.” तुम्ही विज्ञानाच्या, तुम्हाला पटेलच, असा त्याचा सूर असे. गोळ्यांनी तो भर दुपारी टेबलावर पेंगायचा, हजेरीपटात मुलींची नावं मुलांत लिहायचा, आणि झटके मात्र वाढतच गेले. आधी फक्त जलदानात येत. मग लग्नात आले. मग एकदा गॅस सिलिंडरच्या रांगेत आला. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. झटके आणखी वाढले. मोटारसायकलची किल्ली गीताने लपवून ठेवली, ते तिने शहाणपणाचं केलं.

बाजारात कुडपणहून भाजी घेऊन येणारी ठकूबाई बसते. जिभेला हाड नाही, पण मनाने वाईट नाही. तिने एकदा मेथीची जुडी बांधता बांधता विचारलं, “काय ओ गुरुजी, तुमच्या अंगात कोण येतो? आमच्याकडं काळकाई येते. तुमच्याकडं तर देवच नाय ना कोण?”

“मला फिट येते. मेंदूचा आजार आहे.”

“असंल बाबा. पण नाव तरी इचारून घ्या.”

मेथी तिथेच टाकून तो घरी आला. चार दिवस बाजारात गेला नाही.

वाडीच्या मंडळाचा अध्यक्ष त्याचा थोरला भाऊ महादू. महादूने साधं सांगितलं, “बरा होईस्तोवर विधी करायचा नाय. माणसं जेवायला बसलेली असतात, पोरं घाबरतात.” चुकीचं काही नव्हतं त्यात. पण मे महिन्यात महादूच्या मुलीचं, साक्षीचं लग्न ठरलं होतं, आणि साक्षी लहानपणापासून सांगत आलेली की माझं लग्न काकाच लावणार. आता महादू महाडहून दुसरा बौद्धाचार्य बघत होता. धम्मपालला स्वतःला मूलबाळ नाही. साक्षी त्याच्याच मांडीवर अक्षरं गिरवायला शिकली. गीता मला म्हणाली, “बाई, त्यांना दुसरं काय नको. हे एक लग्न लावायचं हाय. ते हातचं गेलं तर मग ते उभेच राहायचे नाय परत.”

म्हणून मुंबईला न्यायचं ठरलं. बरोबर महादूचा मुलगा सुशांत गेला. मोठ्या रुग्णालयात डोक्याला तारा चिकटवून, समोर कॅमेरा लावून धम्मपालला झोपवून ठेवलं. झटका आला, चांगला दणकून आला, आणि तेव्हा मेंदूच्या विजेचा आलेख शांत होता. मिरगीच्या झटक्यात विजेचा जो कल्लोळ दिसतो, तो नव्हताच. तिथल्या घाईतल्या तरुण डॉक्टरने सुशांतला व्हरांड्यात गाठून सांगितलं की ही मिरगी नाही, हे मनामुळे होतं, गावाकडे मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, गोळ्या ते हळूहळू कमी करतील. आणि तो पुढच्या खाटेकडे पळाला.

सुशांतने घरी फोन केला, “काकांना फिट नाय. डॉक्टर बोलले, काका मनाने करतात.”

झालं. ‘मनामुळे’चं ‘मनाने’ झालं आणि माणसाचं वाटोळं झालं. आपल्याकडे मनाने करणं म्हणजे काय? सून मनाने माहेरी निघून गेली. पोरगा मनाने नोकरी सोडून घरी बसला. कुणी सांगितलं नव्हतं, स्वतःच्या मर्जीने केलं. तेव्हा धम्मपाल मनाने पडतो म्हणजे पडायचं म्हणून पडतो. काकापुतण्याची एसटी माणगाव ओलांडत होती तोवर ही बातमी आख्ख्या वाडीत पसरली होती.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. गोळ्यांची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. “बंद केल्या. फिटच नाही तर गोळ्या कशाला?”

“अरे, एकदम बंद करायच्या नसतात. खऱ्या फिटा सुरू होतील.”

“त्या झाल्या तर बरंच की बाई. निदान आजार तरी राहील. डॉक्टरांनी माझी फिट काढून घेतली. आता मी दोनच असू शकतो. एक तर ढोंगी, नाही तर अंगात येणारा.”

तिसरं काही असू शकतं, हे त्याच्या डोक्यात नव्हतं. कसं असणार? आयुष्यभर त्याने लोकांना हेच दोन कप्पे वाटले होते.

मंडळाची सभा विहारात बोलावली होती. शिकलेलं माणूस हवं म्हणून मलाही निरोप होता. धम्मपाल भिंतीला टेकून बसला होता, दाढी वाढलेली. महादू संतापलेला. भावाच्या आजारपणात तो रात्रंदिवस धावला होता, ते सगळं त्याला आता फसवणूक वाटत होतं.

“सहा महिने नाचवलास आम्हाला. मुंबईपर्यंत नेला. आणि तू मनाने पडतोस?”

“मी नाय पडत, दादा.”

“मग कोण पाडतो तुला? सांग ना! भूत पाडतो? तूच शिकवलंस भूत नसतो.”

मी सुशांतला विचारलं, “डॉक्टरांचा शब्द काय होता? मनाने की मनामुळे?”

सुशांत डोकं खाजवत म्हणाला, “तेच ना बाई. दोन्ही एकच.”

“एकच नाही. दारू पिऊन गाडी ठोकली तर ती दारूने ठोकली का? दारूमुळे ठोकली.”

“बाई, व्याकरण शाळेत,” महादू म्हणाला. सगळे हसले. माझं उदाहरणही काही बरं नव्हतं, वाडीत दारू म्हटलं की लोक आपापल्या नवऱ्याकडे बघायला लागतात. महादूने मग ते बोलून दाखवलं जे बहुतेक प्रत्येकाच्या मनात होतं. “चंद्राबाईला टाचणी टोचलीवतीस ना तू? आता तुला टोचून बघू. सरळ हिशेब. हाय का रे टाचणी कोणाकडं?”

एकाने खिशात हात घातलासुद्धा. धम्मपालने तळवा पुढे केला. खरंच केला. बहुतेक त्यालाही जाणून घ्यायचं होतं.

चंद्राबाई दाराशी बायकांत बसली होती. ऐंशीच्या घरातली, कानांनी थोडी कमी, पण टाचणी तिला ऐकू आली.

“ए मेल्यांनो, टोचू नका. दुखतं.”

“दुखतं की नाय तेच बघायचंय आजी.”

“तेच सांगते ना. मला पण दुखलंतं. सगळं कळत व्हतं. कोण हसला, कोणी पाणी मारलं, सगळं. हा शेंदाड्या टाचणी घेऊन आला तो पण दिसला. पण अंग माझ्या ताब्यात नव्हतं रे. हात मागं गेला तो बी मी नाय नेला, तो आपला गेला.” मग धम्मपालकडे वळून, “तुला कळतं का रे पडल्यावर?”

धम्मपालचा आवाज फुटेना. हायवेपर्यंत जाणारा तो आवाज. “कळतं. ऐकू येतं सगळं, लांबून. बोलता येत नाही.”

“मग तेच. मला काय देव नव्हता, तुला काय ढोंग नाय. दोघांना एकच मेलं कायतरी झालंतं. माझं धाकटी लेक सासरी गेल्यावर आपसूक थांबलं. तुझं कवा थांबतं बघ.”

पांढरा कपडा घालून मोठमोठी भाषणं ठोकणारा माणूस उठला, तिच्यासमोर जाऊन बसला आणि मान खाली घालून म्हणाला, “आत्ये, चुकलं माझं.”

“चुकलं तर चुकलं. आता दाढी कर, भिकाऱ्यासारखा दिसतोस.”

महादूने सभा तिथेच संपवली. निर्णय एवढाच झाला की धम्मपालने मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं, आणि ते काय म्हणतात ते ऐकून लग्नाचं बघू. तोवर महाडच्या बौद्धाचार्यांना होकार कळवायचा नाही, नकारही नाही.

महाडला आठवड्यातून एकदा मानसोपचाराच्या एक डॉक्टरीणबाई येतात. धम्मपालबरोबर गीता आणि मी गेलो. त्यांनी सगळे कागद वाचले, गोळ्या एकदम बंद केल्याबद्दल आधी झाडलं, मग परत सुरू करून हळूहळू उतरवायचं वेळापत्रक दिलं. मग त्यांनी एक विचित्र प्रश्न विचारला.

“घरात कुणाला गाडी लागते?”

धम्मपालने गीताकडे बोट दाखवलं. “हिला. आंबेनळी घाटाचं नाव काढलं तरी.”

“घाटात लागते?”

गीता लाजली. “घाटात कशाला! पोलादपूर स्टँडवर गाडी उभी असते, तवाच. डिझेलचा वास आला की झालं. कधीकधी नुसतं तिकीट हातात घेतलं तरी पोटात ढवळतं.”

“गाडी हललेलीसुद्धा नाही. मग तुम्ही मनाने ओकता का हो?”

“अगं बाई! मनाने कोण ओकतं?”

“अंगात येतं काही?”

“नाय ओ!”

“आणि पोटाची सोनोग्राफी केली तर त्यात काही सापडेल?”

“छे! तिथं काय सापडणार?” गीता हसली. डॉक्टरीणबाई धम्मपालला म्हणाल्या, “तुमचं हेच आहे, फक्त मोठ्या प्रमाणावर. शरीराने एकदा एक वाट पकडली, की तुम्हाला न विचारता ते त्या वाटेने जातं. उलटी खरी असते ना? तसा तुमचा झटका खरा. मेंदूची यंत्रणा धड आहे, ती चालवताना अडते. म्हणून फिटच्या गोळ्या लागू पडत नाहीत. शरीराला नवी वाट शिकवावी लागते, आणि ती शिकवता येते.”

धम्मपाल म्हणाला, “म्हणजे तिसरंच काहीतरी.”

“तिसरं. आणि ते खूप लोकांना होतं. काहींना हे आणि मिरगी दोन्ही असतात, म्हणून तारा लावून तपासणं गरजेचं होतं. तुमची तपासणी झालेली आहे.”

पुढचे महिने तो दर आठवड्याला जात राहिला. लोकांना कारण हवं असतं, एकच, ठळक, सांगायला सोपं. मलाही चार जणांनी विचारलं, नेमकं काय निघालं हो मनात? जसं काही विहिरीतून घागर काढायची आहे. तसं काही निघालं नाही. बोलण्यात आलं ते असं: साथीच्या वर्षी आणि लगेच पुराच्या वर्षी त्याने ओळीने जलदानं केली होती, कधी कधी समोर घरची चारच माणसं. मित्र गेले, शाळेतला शिपाई गेला, गीताचा भाऊ गेला. प्रत्येक ठिकाणी हा उभा राहून सांगणार की सगळं अनित्य आहे, शोक आवरा. स्वतःचा त्याने आवरला, इतका की कुठे ठेवला ते विसरला. हेच कारण का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असेल, थोडं असेल, आणखीही असेल. कारण सापडलं नाही तरी बरं होता येतं. मला हे उत्तर आवडलं. प्रामाणिक होतं.

शिकवलं ते अगदी साधं. झटक्याआधी हात गरम होतो आणि आवाज लांब जातात, हे ओळखायचं. ओळखलं की आपणहून खाली बसायचं. तळवे जमिनीवर ठेवायचे, जमीन गार आहे की गरम, खडबडीत आहे की गुळगुळीत, ते मनात म्हणायचं. श्वास सोडताना लांबवायचा. घरच्यांनी गर्दी करायची नाही, हाका मारायच्या नाहीत, एकाने शेजारी बसायचं. धम्मपाल शाळेत कार्यालयाच्या फरशीवर बसून सराव करायचा. मुलं खिडकीतून बघायची. एप्रिलपर्यंत झटके कमी झाले, गेले मात्र नव्हते.

तेवढ्यात साक्षीने बापाला स्पष्ट सांगितलं, “काका लावणार नसतील तर नोंदणी कार्यालयात जाऊन सही करते. मांडव घालू नका.”

महादू माझ्याकडे आला. “बाई, लग्नातच पडला तर?”

“तर पडेल. मग उठेल.”

“वरपक्ष बोंब मारंल.”

“तू अध्यक्ष आहेस ना? बोंब मारू देऊ नकोस.”

लग्न विहारासमोरच्या मांडवात झालं. वऱ्हाड माणगावकडच्या गोरेगावच्या बाजूचं. तसबिरींपुढे मेणबत्त्या लावल्या, धम्मपाल पांढऱ्या कपड्यांत उभा राहिला, आणि त्रिशरण सुरू झालं. आवाज पूर्वीइतका नव्हता, पण होता. अर्ध्या दातातल्या शिळेसकट. पंचशील पार पडलं. साक्षी आणि नवरामुलगा प्रतिज्ञा घ्यायला उभे राहिले आणि मला दिसलं की धम्मपालचा उजवा हात पायजम्याला घासतोय.

तो थांबला. वधू-वरांना म्हणाला, “जरा थांबा,” आणि सतरंजीवर बसला. मान हलायला लागली होती. पाय आखडले. गीता शेजारी जाऊन बसली, एवढंच. तिने त्याला हातही लावला नाही.

वराचा मामा ओरडला, “अरे, फिट आली! चप्पल आणा, चप्पल!”

महादू मांडवाच्या मध्यावर आला. मी त्याला इतक्या मोठ्याने बोलताना कधी ऐकलं नव्हतं. त्या घरात आवाजाचं खातं धाकट्याकडे होतं. “चप्पल पायात घाला आणि खाली बसा! फिट नाय ती. आणि तो मनाने पण नाय करत. त्याच्या अंगाला होतं, जातं. बसा सगळे.”

लोक बसले. कुणी कुजबुजलं, कुणी मोबाइल काढला, त्याच्या हातावर चंद्राबाईने फटका मारला. साक्षी हार हातात धरून उभीच होती. नवऱ्यामुलाने हळूच विचारलं, “किती वेळ?” ती म्हणाली, “होईल तेवढा. तुम्हाला घाई हाय?” त्याने नाही म्हणून मान हलवली. मुलगा बरा दिसला मला.

धम्मपालचे तळवे सतरंजीवर होते, सतरंजी मुठीत घेत होते, सोडत होते. ओठ हलत होते. मग मान थांबली. त्याने डोळे उघडले, पाणी मागितलं, चेहरा पुसला. रडला नाही. उठताना महादूने हात दिला. प्रतिज्ञेचं कोणतं वाक्य चाललं होतं ते त्याला आठवेना, तेव्हा साक्षीच म्हणाली, “अजून सुरूच नव्हती केली, काका.” मांडव हसला, तोही हसला, आणि पहिल्या वाक्यापासून त्याने प्रतिज्ञा दिली. ‘साधु, साधु, साधु’ असा साधुकार झाला, हार पडले, लग्न लागलं.

पंगतीत तो माझ्याजवळच बसला होता. वराकडची एक बाई पदर खोचत आली. “गुरुजी, पुढल्या महिन्यात माझ्या नातवाचं नामकरण हाय आमच्या गावात. येता का?”

“तुम्ही बघितलंत ना मघाशी?”

“बघितलं की. थांबू आम्ही. पोरगं काय नावाशिवाय पळून जात नाय.”

धम्मपालने पलीकडच्या पानावर बसलेल्या महादूकडे पाहिलं. अध्यक्षांची परवानगी होती की नव्हती, ते अजून कुणी बोललं नव्हतं.

महादू भात कालवत होता. त्याने मान वर केली नाही. “माझ्याकडं काय बघतोस? तारीख विचार त्यांना.”